विणकामात नवा गोळा जोडताना: गाठ नको, वीतभर शेपटी हवी

स्वेटर कितीही लहान असो, एका गोळ्यात तो क्वचितच पूर्ण होतो. मध्येच लोकर संपते आणि नवा गोळा जोडावा लागतो. नेमकं तिथेच घाई होते. जुन्या आणि नव्या धाग्याची टोकं घेतली, घट्ट गाठ मारली आणि विणकाम पुढे सुरू, अशी सवय अनेक हातांना असते. त्या दिवशी काही बिघडत नाही. पण कपडा चार-सहा वेळा धुतला, अंगावर ताणला गेला की तीच गाठ सुटते, टाके निसटतात आणि महिनाभराच्या मेहनतीला भोक पडतं.

आम्ही शाळेत कार्यानुभवाच्या तासाला विणकाम शिकवतो. टाके घालणं, सुलट विणणं, उलट विणणं मुलं काही तासांत शिकतात. गोळा जोडणं मात्र वेगळं असं कुणी शिकवत नाही. अम्मी, दादी, खाला जसं करतात तसं पाहून उचललं जातं. म्हणून हा विषय आम्ही इथे मुद्दाम सविस्तर मांडत आहोत. गोळा कधी जोडायचा, किती पद्धतीने जोडता येतो, कुठल्या लोकरीला कुठली पद्धत चालते आणि बाळाच्या कपड्यात कोणती काळजी घ्यायची, एवढं यात आलं आहे.

दोन भाषांतले शब्द

आपल्या घरांत विणकामाची भाषा बऱ्याचदा अर्धी मराठी, अर्धी उर्दू असते. मराठीत जी लोकर, ती उर्दूत ऊन. मराठीत जो टाका, तो उर्दूत फंदा. सुलट-उलट म्हणजे सीधा-उल्टा. सुईला उर्दूत सलाई म्हणतात, पण नमुना सांगताना 'एक सलाई सीधी' म्हटलं तर त्याचा अर्थ 'एक ओळ सुलट' असा होतो. हिंदी किंवा उर्दू व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या मुलींचा इथे हमखास गोंधळ होतो. या लेखात आम्ही टाका, ओळ, सुलट, उलट हेच शब्द वापरले आहेत. धाग्याचं जे टोक मोकळं लोंबत ठेवायचं, त्याला शेपटी म्हटलं आहे.

गाठ का सुटते?

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे शेकडो धागे असतात. एक तुटला तरी बाकीचे कापड धरून ठेवतात. हातविणीचं तसं नाही. संपूर्ण तुकडा एकाच धाग्याच्या फासांनी बनलेला असतो. प्रत्येक फास खालच्या फासातून वर आलेला आणि शेजारच्या फासाला जोडलेला. एका जागी धागा सुटला की त्या जागेचा टाका मोकळा होतो, मग त्याच्या खालचा, आणि शिडीसारखी उभी रेघ खाली उतरत जाते.

वीण ताणली जाते तेव्हा फास लांबट होतात आणि धागा थोडा थोडा सरकतो. त्यामुळेच स्वेटर अंगाबरोबर हलतो. गाठ मात्र कडक असते, ती ताणली जात नाही. सगळा ताण तिच्यावर येतो. त्यातून लोकर गुळगुळीत असेल तर गाठ हळूहळू सैल होते. सुटली नाही तरी सरकून सुलट बाजूला डोकं काढते, किंवा आत राहून अंगाला टोचते.

याउलट शेपटी लांब ठेवून ती विणीतून फिरवली, तर धागा अनेक टाक्यांना घासून धरला जातो. जोड टिकते ती या घर्षणामुळे, गाठीमुळे नाही. एवढी गोष्ट लक्षात आली की पुढच्या सगळ्या पद्धती सोप्या वाटतात.

आधी हातात काय आहे ते ओळखा

बाजारात आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो, ती बऱ्याचदा मेंढीची नसते. लुधियानाच्या गिरण्यांतून येणारी आणि गावोगावच्या दुकानांत मिळणारी रंगीत लोकर बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे कृत्रिम धागा. तो स्वस्त, हलका, धुवायला सोपा. बाळाच्या कपड्यांसाठी लोक तोच घेतात आणि त्यात वावगं काही नाही. मात्र जोडण्याची पद्धत धाग्यावर ठरते, म्हणून लेबल वाचावं. तिथे लोकर, अ‍ॅक्रिलिक, कापूस यांचं प्रमाण दिलेलं असतं.

लेबल हरवलं असेल तर जाळून पाहता येतं. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून, मोठ्या माणसानेच हे करावं. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझू लागते आणि राख बोटाने चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. कापसाला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते.

दुसरी गोष्ट लॉट नंबरची. लोकर मोठ्या टाक्यांत रंगवली जाते आणि दर वेळी छटेत किंचित फरक पडतो. म्हणून लेबलवर रंगाच्या नंबराशिवाय लॉटचाही नंबर असतो. रंगाचा नंबर तोच आणि लॉट वेगळा असेल, तर दुकानातल्या दिव्याखाली सारखे वाटणारे दोन गोळे उन्हात वेगळे दिसतात. स्वेटरच्या पाठीवर मधोमध पट्टा उमटतो. सगळे गोळे एकदमच घ्यावेत, शक्य असेल तर एक जादा घ्यावा आणि न वापरलेला परत घेता का ते दुकानदाराला आधीच विचारून ठेवावं. निदान एक लेबल काम संपेपर्यंत जपावं.

वेगळ्या लॉटचाच गोळा मिळाला तर? जुना गोळा पूर्ण संपू देऊ नका. शेवटचा भाग उरलेला असतानाच दोन ओळी जुन्या गोळ्याच्या, दोन ओळी नव्या गोळ्याच्या असं आठ-दहा ओळी विणा आणि मग नव्यावर या. छटेची सीमारेषा पुसट होते.

लोकर ओळीला पुरेल का?

ओळीच्या मध्येच लोकर संपली की विणलेलं उसवत मागे यावं लागतं. ते टाळायचे तीन उपाय आहेत.

पहिला, मोजपट्टीचा. साध्या विणीत एका ओळीला तिच्या रुंदीच्या साधारण तिप्पट ते चौपट धागा लागतो. पाठीची रुंदी २५ सेंमी असेल तर एका ओळीला ७५ ते १०० सेंमी. त्यात शेपटीसाठी १५ सेंमी धरा. म्हणजे ११५ सेंमीपेक्षा कमी धागा उरला असेल तर नवी ओळ सुरू करू नका. वेलबुट्टी किंवा पिळाची वीण असेल तर आणखी थोडा जास्त धरा.

दुसरा, सैल गाठीचा. उरलेला धागा दुमडून बरोबर मध्यावर एक सैल सरकफास टाका. आता एक ओळ विणा. फास येण्याआधी ओळ संपली, तर आणखी एक ओळ होण्याइतका धागा शिल्लक आहे. आधीच फास हाताला लागला, तर ही ओळ संपवून नवा गोळा घ्या. फास सोडायला विसरू नका.

तिसरा, काट्याचा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर गोळा तोला, दहा ओळी विणा, पुन्हा तोला. दहा ओळींना ४ ग्रॅम लागले असतील तर ५० ग्रॅमच्या गोळ्यात सुमारे १२५ ओळी होतील. पाचवी-सहावीच्या मुलांना हे गणित करायला द्या, आवडीने करतात.

कुठे जोडावं, कुठे टाळावं

बाजूच्या शिवणीत जाणारी कड ही सगळ्यात चांगली जागा. छातीचा मधला भाग, गळ्याची पट्टी आणि काजपट्टीची मोकळी कड या जागा टाळाव्यात. टोपीत जिथे टाके कमी करत शेंडा बंद करतो तिथेही जोड नको, कारण तिथे वीण आधीच जाड असते. मफलरच्या दोन्ही कडा उघड्या असतात, म्हणून मफलरला कडेपासून सात-आठ टाके आत जोडावं.

पद्धत पहिली: ओळीच्या सुरुवातीला

शिवण येणाऱ्या कुठल्याही कपड्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे. नवशिक्यांनी हीच आधी शिकावी.

१. ओळ पूर्ण करा. जुना धागा वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंमी ठेवून कापा.
२. काम वळवा. पहिल्या टाक्यात सुई घाला आणि नव्या गोळ्याचा धागा तेवढीच शेपटी सोडून सुईवर घ्या.
३. नव्या धाग्याने तीन-चार टाके विणा. पहिला टाका सैल वाटेल, घाबरू नका.
४. दोन्ही शेपट्या हळूच ओढून पहिला टाका बाकीच्या टाक्यांइतका करा.

टाके सुटतील अशी भीती वाटत असेल तर दोन शेपट्यांची एक सैल अर्धी गाठ तात्पुरती टाकावी. विणून झालं की ती सोडायची आणि शेपट्या शिवणीत लपवायच्या.

पद्धत दुसरी: काही टाके दुहेरी धाग्याने

ओळीच्या मध्ये जोडावं लागलं तर ही सोपी पद्धत. अ‍ॅक्रिलिक, लोकर, कापूस, सगळ्यांना चालते.

१. जुना धागा साधारण ३० सेंमी उरला की थांबा.
२. नव्या धाग्याची वीतभर शेपटी मागे सोडून तो जुन्या धाग्याला जोडून धरा.
३. दोन्ही धागे एकत्र घेऊन चार-पाच टाके विणा.
४. जुना धागा मागे सोडून द्या, नव्याने पुढे चला.
५. पुढच्या ओळीत हे टाके दुहेरी दिसतील. दोन्ही धागे एकच टाका समजून एकत्र विणा.

पाचवी पायरी महत्त्वाची. दुहेरी टाक्याचे दोन टाके समजून विणले तर ओळीत चार-पाच टाके वाढतात आणि तुकडा एका बाजूला पसरतो. ती ओळ संपली की टाके मोजून घ्यावेत.

या पद्धतीत चार-पाच टाके थोडे जाड होतात. बारीक लोकरीत ते लक्षात येत नाहीत. जाड लोकरीत दिसतात, म्हणून तिथे दोनच टाके दुहेरी घ्यावेत.

पद्धत तिसरी: ओलं करून चोळणं

ही जोड सगळ्यात सफाईदार, कारण शेपटीच उरत नाही. मात्र ती फक्त खऱ्या, प्रक्रिया न केलेल्या लोकरीला चालते. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात. घोंगडीचं, नमद्याचं कापड याच गुणामुळे घट्ट होतं.

१. दोन्ही टोकांचा पीळ ५ ते ७ सेंमी उलगडा. चार पदरी लोकर असेल तर प्रत्येक टोकाचे दोन-दोन पदर कापून टाका, म्हणजे जोडाची जाडी वाढणार नाही.
२. दोन्ही टोकं तळहातावर एकमेकांवर ठेवा आणि कोमट पाण्याने ओली करा.
३. दोन्ही तळहातांमध्ये जोरात चोळा, हात गरम होईपर्यंत.
४. हलकेच ओढून पाहा. सरकत असेल तर पुन्हा ओलं करून चोळा.

अनेक ठिकाणी या कामाला पाण्याऐवजी थुंकी वापरायला सांगतात. पाण्याने काम तेवढंच चांगलं होतं, थुंकीची काही गरज नाही. अ‍ॅक्रिलिकला खवले नसतात, म्हणून ते कितीही चोळलं तरी जुळत नाही. मशीनमध्ये धुता येते असं लिहिलेल्या लोकरीचे खवलेही बहुधा काढलेले किंवा झाकलेले असतात, तीही जुळणार नाही.

पद्धत चौथी: धागा धाग्यात ओवणं

हिला रशियन जोड म्हणतात. पदर असलेल्या अ‍ॅक्रिलिकसाठी ही फार उपयोगी आहे, कारण हिच्यातही शेपटी लोंबत राहत नाही. यासाठी मोठ्या नेढ्याची सुई लागते. टोक फार बोथट असेल तर पदरात शिरत नाही, साधी रफूची सुई घ्यावी.

१. जुन्या धाग्याचं टोक सुईत ओवा. सुई त्याच धाग्याच्या पदरांमधून ५-६ सेंमी मागे न्या आणि बाहेर काढा. टोकाशी लहानसा फास राहू द्या.
२. नव्या धाग्याचं टोक त्या फासातून घाला आणि सुईत ओवून तेही स्वतःच्याच पदरांतून ५-६ सेंमी मागे न्या.
३. आता दोन फास साखळीच्या दोन कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले दिसतील. दोन्हीकडून धागा हळू ओढा, फास बंद होतील.
४. बाहेर आलेली टोकं जरा ताणून कापा, म्हणजे ती आत जातील.

जोडाची जागा साधारण दुप्पट जाड होते. सुटे तंतू असलेल्या, पीळ नसलेल्या लोकरीत सुई नीट शिरत नाही. तिथे दुसरी पद्धत वापरावी.

पद्धत पाचवी: सरकती दुहेरी गाठ

व्हिडिओंत 'जादूची गाठ' म्हणून दाखवतात ती हीच. दोन्ही टोकं विरुद्ध दिशांनी एकमेकांशेजारी ठेवायची. जुन्या टोकाने नव्या धाग्याभोवती एक गाठ, नव्या टोकाने जुन्या धाग्याभोवती एक गाठ. मग लांब धागे ओढायचे, म्हणजे दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. जोरात ओढून घट्ट करायचं आणि उरलेली टोकं कापायची.

सगळ्या गाठींत ही बरी. पिशवी, पायपुसणं, खुर्चीचं आसन अशा वस्तूंना चालेल. पण ती शेवटी गाठच आहे. गुळगुळीत धाग्यात तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही आणि टोकं आखूड कापलेली असल्याने ती सुटली तर दुरुस्तीला धागाच उरत नाही. अंगावरच्या कपड्यात, विशेषतः बाळाच्या कपड्यात, आम्ही ती वापरायला सांगत नाही.

एक लक्षात ठेवा, विकत घेतलेल्या गोळ्यातही मध्येच गिरणीतली गाठ निघते. ती तशीच विणीत घेऊ नका. गाठ कापा आणि नवा गोळा समजून वरीलपैकी योग्य पद्धतीने जोडा. विणताना वीतभर पुढचा धागा बोटांतून जात असतोच, तेव्हा गाठ आधीच हाताला कळते.

गोल विणीची टोपी आणि क्रोशाची टोपी

चार सुयांवर किंवा गोल सुईवर विणलेल्या टोपीला कड नसते, म्हणून ओळीच्या सुरुवातीचा नियम तिथे लागू होत नाही. कुठेही दुसऱ्या किंवा चौथ्या पद्धतीने जोडा. टोपीची बॉर्डर वर दुमडायची असेल तर जोड बॉर्डरमध्ये घेऊच नका. दुमडल्यावर आतली बाजू बाहेर येते आणि लपवलेल्या शेपट्या कपाळावर दिसतात.

नमाजाच्या जाळीदार टोप्या अनेक घरांत क्रोशाने विणल्या जातात. क्रोशात नियम सोपा आहे. खांबाचा किंवा साखळीचा शेवटचा फास ओढून घेताना नवा धागा आकड्यावर घ्यायचा. म्हणजे तो खांब जुन्या धाग्याने सुरू होतो आणि नव्या धाग्याने पूर्ण होतो. मग दोन्ही शेपट्या मागच्या फेरीच्या डोक्यांवर आडव्या ठेवून पुढचे सात-आठ खांब त्यांच्यावरूनच घालायचे, त्या आपोआप झाकल्या जातात. जाळीच्या मोकळ्या घरात जोड घेऊ नका. भरीव खांबांच्या पट्ट्यात घ्या, नाहीतर शेपटी लपवायला जागाच मिळणार नाही. या टोप्यांना बहुधा सुती दोरा असतो. तो लोकरीसारखा पकडत नाही, म्हणून शेपटी वीतभरापेक्षा कमी नसावी.

रंग बदलताना

पट्ट्यांचा स्वेटर असेल तर प्रत्येक रंग म्हणजे एक नवा गोळाच. दोन-चार ओळींनी तोच रंग परत येणार असेल तर कापू नका. कडेने सैल वर आणा आणि दर दोन ओळींनी नव्या धाग्याशी एकदा पीळ घाला. रुंद पट्टे असतील तर कापून नव्याने जोडा आणि शेपटी तिच्याच रंगाच्या पट्ट्यात लपवा.

एकाच ओळीत दोन रंगांची नक्षी असेल तर न वापरलेला धागा मागून आडवा जातो. प्रत्येक रंगाचा भाग वेगळ्या गोळ्याने विणला जात असेल आणि मागून धागा जात नसेल, तर मात्र रंग बदलताना दोन्ही धागे एकमेकांवरून फिरवावे लागतात, नाहीतर रंग जोडणाऱ्या जागी भोक राहतं. दोन रंगांचं हे काम फार जुनं आहे. विणकामाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध नमुन्यांत इजिप्तमध्ये सापडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत, ते साधारण ११व्या ते १४व्या शतकांतले मानले जातात. स्पेनमधल्या बुर्गोस इथल्या लास उएल्गास मठात, १२७५ साली वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात रेशमी धाग्याने विणलेली उशी मिळाली. तिच्यावर कुफी लिपीत 'बरका', म्हणजे आपल्या बोलण्यातली बरकत, हा शब्द विणलेला आहे. ती मुस्लिम कारागिरांच्या हातची असल्याचं मानलं जातं.

जुना स्वेटर उसवून विणताना

मोठ्याचा स्वेटर उसवून धाकट्याला नवा विणायचा, हा रिवाज आपल्या घरांत अजून आहे आणि चांगला आहे. उसवलेल्या लोकरीत तुकडे जास्त निघतात, म्हणून जोडही जास्त येतात. आधी लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. धाग्याच्या लाटा बऱ्याच जातात. विरलेले भाग कापून टाका. दोन मीटरपेक्षा लहान तुकडे स्वेटरच्या अंगात वापरू नका, ते कडेच्या पट्ट्यांना किंवा गोंड्यांना ठेवा. जोड दर वेळी शिवणीच्या कडेलाच येतील असं पाहा, त्यासाठी तुकड्यातला थोडा धागा वाया गेला तरी चालेल.

शेपट्या लपवणं

जोड पक्की होते ती इथे. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई घ्या आणि काम उलट बाजूने समोर ठेवा.

१. जुन्या धाग्याची शेपटी नव्या टाक्यांच्या दिशेने न्या, नव्या धाग्याची जुन्या टाक्यांच्या दिशेने. दोन्ही एकमेकींना ओलांडून गेल्या की मधलं भोक बुजतं.
२. टाक्यांच्या उंचवट्यांमधून, टाका जसा वळतो तशीच सुई वळवत पाच-सहा टाके पुढे जा.
३. एक ओळ वर किंवा खाली उतरा आणि उलट दिशेने तीन-चार टाके मागे या. दिशा बदलली की धागा सहज सरकून बाहेर येत नाही.
४. वीण दोन्ही बाजूंनी ताणून सोडा. शेपटी घट्ट ओढली गेली असेल तर वीण गोळा होईल. ती सैल करा.
५. सुलट बाजूने पाहा, काही दिसत नाही ना?
६. कपडा एकदा धुऊन वाळवा आणि मगच उरलेलं टोक अर्धा सेंमी ठेवून कापा.

सगळ्या शेपट्या शेवटी लपवू म्हणून ठेवल्या की कंटाळा येतो आणि मग गाठ मारून कापण्याचा मोह होतो. एक तुकडा झाला की त्याच्या शेपट्या लगेच लपवाव्यात. शिवणीजवळच्या मात्र शिवण झाल्यावर.

बाळाचे कपडे: इथे हयगय नको

बाळंतविड्यातल्या टोपड्या, मोजे, हातमोजे विणताना सुलट बाजू सगळे पाहतात. बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू. मोज्यात किंवा हातमोज्यात सुटलेला एखादा धागा किंवा आत अडकलेला केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो. बाळ हातपाय हलवतं तसा तो आवळत जातो आणि बोटाचा रक्तपुरवठा अडतो. बाळाला सांगता येत नाही, ते नुसतं रडत राहतं. वेळेत लक्षात आलं नाही तर बोटाला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून बाळाच्या मोज्यांत आणि हातमोज्यांत शक्यतो जोडच येऊ देऊ नये. जोडी लहान असते, आधी तोलून पाहिलं तर एका गोळ्यात होते. मागून आडवे धागे जाणारी दुरंगी नक्षी तिथे टाळावी. त्या धाग्यांत बोट अडकतं. मोजे घालण्याआधी दर वेळी उलटे करून आत बोट फिरवावं, दुकानातून आणलेले असोत की घरी विणलेले. बाळ खूप रडत असेल आणि कारण सापडत नसेल तर हातापायांची बोटं उघडून पाहावीत. बोट सुजलेलं, लाल किंवा निळसर दिसलं आणि धागा सहज निघत नसेल तर घरी ओढाताण न करता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं.

थोडक्यात, कशाला कोणती जोड

बाजूला शिवण असलेला स्वेटर: ओळीच्या सुरुवातीला.
मफलर, शाल: कडेपासून आत, दुहेरी धाग्याने. पदरदार अ‍ॅक्रिलिक असेल तर धाग्यात धागा ओवून.
गोल विणीची टोपी: दुहेरी धाग्याने किंवा ओवून, बॉर्डर आणि शेंडा सोडून.
खरी लोकर: ओलं करून चोळून.
क्रोशाची सुती टोपी: खांबाचा शेवटचा फास नव्या धाग्याने.
पायपुसणं, आसन, पिशवी: सरकती गाठ चालेल.
बाळाचे मोजे: शक्यतो जोड नको.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शेपटी आखूड कापली गेली, आता काय? सुई आधी विणीतून फिरवून ठेवा, नेढं शेपटीजवळ येऊ द्या आणि मग आखूड टोक नेढ्यात ओवून सुई ओढा. तीन-चार सेंमी टोकही असं लपवता येतं.

आधी विणलेल्या स्वेटरमध्ये गाठी आहेत, उसवावा का? नाही. आतून गाठी शोधा. टोकं लांब असतील तर गाठ हळूच सोडून दोन्ही टोकं विणीतून फिरवा. टोकं आखूड असतील तर गाठ सोडू नका. त्याच रंगाच्या धाग्याने गाठीच्या दोन्ही बाजूंचे पाच-सहा टाके, त्यांच्याच वळणाने, पुन्हा एकदा भरून घ्या.

विकण्यासाठी विणतो, एवढा वेळ परवडतो का? बचत गटांतल्या किंवा ऑर्डरवर विणणाऱ्या भगिनी हा प्रश्न नेहमी विचारतात. एक जोड नीट लपवायला फार तर पाच मिनिटं लागतात. जाणकार गिऱ्हाईक स्वेटर हातात घेतं आणि आधी उलटा करून पाहतं. आतली बाजू स्वच्छ असेल तर भाव सांगताना संकोच करावा लागत नाही, आणि धुतल्यावर भोक पडलं म्हणून तो स्वेटर परतही येत नाही.